इस्पितळात जायचे कपडे

ऑगस्टाच्या सत्काराचं जेवण चर्चमध्ये व्हावं की कुणाच्या घरी, यावर बेथेल रिज चर्चच्या बायकांचं महिनाभर गुऱ्हाळ चाललं होतं. युनिसने ते एका वाक्यात बंद पाडलं. "माझी बहीण माझ्या घरात जेवेल, माझ्या हातचं." पंचाहत्तरी उलटली तरी ब्रॉडनॅक्स घराण्यात युनिसचा शब्द खाली पडत नसे, आणि चुकून पडलाच तर तो अदबीने उचलून परत तिच्या हातात द्यायला धाकटा भाऊ लेम्युएल होताच.

होमकमिंगचा रविवार तो. अटलांटा, डेट्रॉइट, जिथे जिथे गावची लेकरं पोटापाण्याला पांगली होती, तिथून ती ऑगस्टमधल्या या एका रविवारी चर्चला परत आली होती. सकाळी सगळ्यांसमोर रेव्हरंड प्रुइटनी ऑगस्टाला उभं करून निवृत्तीचा पितळी फलक दिला. मग ते म्हणाले, ज्या बायका डॉक्टर ऑगस्टांमुळे बाळंतपणातून जिवंत उठल्या, त्यांनी उभं राहावं. बाकंच्या बाकं उभी राहिली. ऑगस्टा तेवढा वेळ छताकडे बघत होती. खाली बघितलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि चारचौघांत रडणं तिला मुळीच पसंत नव्हतं.

आता दुपारी युनिसच्या टेबलाभोवती घरचीच मंडळी होती, आणि पाहुणे म्हणून एकटे रेव्हरंड. तळलेल्या कोंबडीचा सगळ्यात मोठा तुकडा रिवाजाप्रमाणे त्यांच्या ताटात गेला होता. लेम्युएलची मुलगी कॉरीन समोर बसली होती. फिकट जांभळा सूट, मोत्यांचे डूल, जाळीची टोपी. बाळंत होऊन तिला दोन आठवडेही झाले नव्हते. तिचा नवरा टव्हॅरिस बाळाला खांद्यावर टाकून भिंतीशी येरझारा घालत होता.

"टोपी काढ की गं," लेम्युएल म्हणाला. "घरात आहेस."

"असू दे डॅडी. उजेड डोळ्यांवर येतो."

"उजेड? युनिसने पडदे ओढलेत, मला कोंबडी कुठली नि बिस्किट कुठलं कळेना झालंय."

"तुला उजेडातही कळत नाही," युनिस म्हणाली आणि घाईने कॉलर्डच्या भाजीचं भांडं पुढे सरकवलं. "रेव्हरंड, घ्या ना. संकोच करू नका."

रेव्हरंडनी आयुष्यात कुठल्याही ताटाशी संकोच केला नव्हता. त्यांनी भाजी घेतली. युनिसने कॉरीनकडे बघायचं टाळलं.

तिला ठाऊक होतं. काल सकाळी पोरीचा फोन आला होता. आत्या, डोकं फुटायला आलंय, काय करू? आई गेल्यापासून कॉरीनला युनिसनेच वाढवलं होतं, आणि युनिसने तिला तेच सांगितलं जे तिला तिच्या आईने सांगितलं होतं. इस्पितळात जा, पण माणसासारखी जा. निळा सूट घाल, पोट आवळून बांध, ओठांना रंग लाव. गळा काढू नकोस. किती दुखतंय म्हणून आकडा विचारतात, तो लहान सांग. मोठा सांगितला की त्यांना वाटतं, ही बाई नशेच्या गोळ्या मागायला आलीय. कॉरीन गेली आणि दुपारी परत आली. म्हणाली, बरं वाटलं म्हणून निघाले. मग आता उद्या संध्याकाळपर्यंत गसीच्या, म्हणजे ऑगस्टाच्या, कानावर घालू नकोस, युनिस म्हणाली होती. तिचा एक दिवस आहे, तो तिला मिळू दे.

"गसी आत्या," कॉरीन म्हणाली, "तुझा ब्रोच किती चमकतोय गं. ठिणग्या उडाल्यासारखा."

ऑगस्टाने काटा खाली ठेवला. तिने ब्रोच लावलाच नव्हता.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"कोण म्हणालं डोकं दुखतंय?"

"मी विचारतेय, कॉरीन."

"थोडंसंच. झोप नाही ना, बाळ रात्रभर…"

"बूट काढ."

"गसी!" युनिस म्हणाली. "रेव्हरंड जेवतायत."

"रेव्हरंडनी पाय बघितले आहेत." ऑगस्टा सत्तरीची बाई, सत्काराच्या रेशमी पोशाखात, खुर्ची मागे सारून टेबलाखाली शिरली. बूट निघेना. तिने तो ओढून काढला तेव्हा कॉरीनच्या तोंडून बारीक आवाज आला. पाऊल सुजून टम्म झालं होतं. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"युनिस, फ्रिजवरचं तुझं रक्तदाबाचं यंत्र आण."

युनिस हलली नाही. रेव्हरंडच उठले आणि तोंड पुसत यंत्र घेऊन आले. पट्टा फुगला, उतरला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे होता आणि खालचा एकशे बाराच्या. आकडे कुणाला कळोत न कळोत, ऑगस्टाचा चेहरा सगळ्यांना वाचता येत होता.

"असं डोकं दुखत असताना इस्पितळात का नाही गेलीस?"

 कॉरीनने युनिसकडे बघितलं, युनिसने लेम्युएलकडे. लेम्युएलला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं, तरी सवयीने त्याने युनिसची बाजू घ्यायला तोंड उघडलं.

"गेली होती," टव्हॅरिस भिंतीशी उभा राहूनच म्हणाला. "काल."

"टव्हॅरिस!" युनिसचा आवाज चाबकासारखा आला.

"आत्या, तुम्ही मला उद्यापासून घरात घेऊ नका हवं तर. आज मी गप्प बसणार नाही." लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि या घरात जावयाचा आवाज कुणी पहिल्यांदाच ऐकत होतं. "काल गेली होती. तपासलंच नाही. परत आली. मग तिला कुणाला सांगायची बंदी होती."

"तुला ठाऊक होतं?" ऑगस्टाने बहिणीला विचारलं.

"मी तिला नीट कपडे करून जा म्हटलं," युनिस म्हणाली. "आई सांगायची तेच."

ऑगस्टाने पुढे काही विचारलं नाही. ते नंतर. तिने फोन लावला. एक रुग्णवाहिका महामार्गावरच्या अपघाताला गेली होती आणि दुसरी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती. इस्पितळाचा रस्ता दोन पदरी, आणि होमकमिंग आटोपून परत निघालेल्या गाड्यांनी तो भरलेला.

"लेम्युएल, तुझी गाडी काढ."

"माझी गाडी गॅरेजमध्ये आहे. टव्हॅरिसच्या…"

"ती नाही. ती."

रस्त्यापलीकडे 'ब्रॉडनॅक्स अँड सन्स' उभं होतं. तीन पिढ्या हे घराणं गावातल्या काळ्या माणसांना शेवटच्या प्रवासाला पोचवत आलं होतं. अंगणात धुऊनपुसून ठेवलेली लांब काळी शववाहिका उन्हात तापत होती.

"नाही," लेम्युएल म्हणाला. "मयताच्या गाडीत माझी पोरगी नाही घालणार. गसी, दुसरं काहीही सांग."

"मला तिला आडवं ठेवायचंय. वाटेत आकडी आली तर कुशीवर वळवायला जागा हवी. आणि मला रस्ता मोकळा हवाय. तुझ्या गाडीचे दिवे लागले की काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

लेम्युएलने किल्ल्या काढल्या. 

*

जॉर्जियात एक गोष्ट अजून शिल्लक आहे. दिवे लावलेली मयताची गाडी दिसली की समोरचा माणूस आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबतो. गोरा असो, काळा असो, घाईत असो. लेम्युएलने उभ्या आयुष्यात ही गाडी ठरलेल्या संथ चालीपेक्षा जोरात हाकली नव्हती. आज त्याने ती हाणली, आणि रस्ता फणीने भांग पाडावा तसा दुभंगत गेला. डेट्रॉइटहून आलेल्या गाड्या बाजूला झाल्या. भुईमुगाची पोती लादलेला एक ट्रक बाजूला झाला. एका जुनाट पिकअपशेजारी एक गोरा म्हातारा शेतकरी उतरून उभा राहिला, आणि त्याने टोपी काढून छातीशी धरली.

मागे, जिथे पेटी ठेवतात तिथे युनिसच्या सोफ्याच्या गाद्या टाकल्या होत्या. त्यावर कॉरीन होती आणि तिच्या उशाशी ऑगस्टा मांडी घालून बसली होती. मखमली पडदे ओढलेले होते.

"डॅडी," मागून आवाज आला.

"बोल बाळा."

"मी या गाडीत बसले होते हे कुणाला सांगू नका."

"बसलीस कुठे? निजलीयस."

"तेही सांगू नका."

"बोलत राहा," ऑगस्टा म्हणाली. "दोघंही. थांबू नका."

पण लेम्युएलला बोलता येईना. हाच तो रस्ता होता. त्याच्या लहानपणी काळ्या माणसासाठी जिल्ह्याची रुग्णवाहिका येत नसे. मग त्याचे वडील दोन्ही कामं एकाच गाडीत करायचे: आजारी माणूस न्यायचा, आणि वेळ आली तर तोच माणूस मयत म्हणून परत आणायचा. थोरली बहीण थेल्मा त्यांनी अशीच नेली होती. ती घरच्या झग्यात होती, हाताला पीठ लागलेलं, बाळंत होऊन आठवडा झालेला, आणि डोकं धरून ओरडत होती. इस्पितळाने तिला काळ्यांच्या दारातून आत घेतलं आणि बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी वडील परत आले तेव्हा मागचे पडदे ओढलेले होते. लेम्युएल सहा वर्षांचा होता. त्याला वाटलं, थेल्मा झोपलीय.

पुढे तो धंद्यात आला आणि ऑगस्टा डॉक्टर होऊन गावात परतली. अधूनमधून त्याच्याकडे एखादी तरणीताठी बाळंतीण यायची, जिचं मरायचं काही कारण नसायचं. तो तिला आंघोळ घालायच्या आधी बहिणीला फोन करायचा. तेवढंच बोलायचा: "गसी, अजून एक." मग ऑगस्टा त्या घरी जायची, तिच्या आईशी, नवऱ्याशी बोलायची, आणि सगळं समजून घेऊन इस्पितळाच्या मंडळापुढे जाऊन उभी राहायची. आमच्याकडे रंग बघितला जात नाही, मंडळाचे लोक म्हणायचे. मग माझ्या भावाकडे येतात त्या सगळ्या एकाच रंगाच्या कशा, ती विचारायची. तिला एकदा शिपायाकरवी बाहेर काढलं होतं. दुसऱ्या महिन्यात ती परत जाऊन त्याच खुर्चीत बसली.

आज आपण तो फोन कुणाला करायचा, हे लेम्युएलच्या मनात आलं आणि त्याने पाय आणखी दाबला.

"डॅडी, हळू," कॉरीन म्हणाली. "मेलेल्या माणसालाही एवढी घाई नसते."

*

इस्पितळाचं दार उघडण्याआधी ऑगस्टाने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. तिला ती पाठच होती. मी डॉक्टर ऑगस्टा ब्रॉडनॅक्स. ही माझी भाची. हिला आत्ता, या क्षणी बघा, नाहीतर मी हे करीन आणि ते करीन. हा आवाज तिने आयुष्यभर घासून धारदार ठेवला होता, आणि तो प्रत्येक वेळी बाहेर काढावा लागला होता.

एक गोरी, नाकावर चट्टे असलेली परिचारिका चाकांची खाट घेऊन पळत आली. तिने नाव विचारलं नाही, विमा विचारला नाही. कॉरीनच्या चेहऱ्याजवळ वाकून तिने पहिलाच प्रश्न विचारला.

"गेल्या सहा आठवड्यांत बाळ झालंय?"

ऑगस्टाचं तोंड उघडंच राहिलं.

तो तिचा प्रश्न होता. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक बाईला तो सगळ्यात आधी विचारायचा, आणि उत्तर हो आलं की ती काय म्हणते, कशी दिसते, कुठल्या मोहल्ल्यातली आहे हे न बघता तिचा रक्तदाब घ्यायचा, यासाठी तिने मंडळाच्या तीन अध्यक्षांशी भांडण केलं होतं. तिसरा अध्यक्ष कंटाळून हो म्हणाला होता. आणि ही पोरगी, जी तेव्हा बहुधा शाळेत जात असेल, ते वाक्य असं म्हणत होती जणू जगात सगळीकडे सगळे हेच विचारतात.

"हो," ऑगस्टा म्हणाली. "दोन आठवडे. पुढचं…"

"कळलं. बाजूला व्हा ना आजी," परिचारिका म्हणाली. "खोली रिकामी करा! बाळंतिणीचा रक्तदाब!" आणि खाट घेऊन ती निघूनसुद्धा गेली.

उभ्या जन्मात ऑगस्टाला या इमारतीत कुणी बाजूला व्हा म्हटलं आणि तिला आनंद झाला, असं पहिल्यांदाच घडत होतं. ती भिंतीला टेकली. 

आतमध्ये सुई लागली, आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सुरू झालं, रक्तदाब उतरवायचं औषध गेलं. परिचारिका एकीकडे छोट्या हातोडीने गुडघे तपासत होती. "पोट दुखतंय? दिसतंय नीट? एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

"दोन," कॉरीन हसून म्हणाली. डोळे मिटलेले, डोकं उशीत रुतलेलं, ओठांवर सकाळचा रंग. "दोनच. तुम्हाला उगाच त्रास."

"ती खोटं बोलतेय."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. युनिस उभी होती. टव्हॅरिसच्या गाडीतून ती मागोमाग आली होती, आणि निघताना तिला कशाचं भान राहिलं नव्हतं. कमरेला स्वयंपाकाचा ॲप्रन, हातांना पीठ, पायांत घरातल्या सपाता, डोकं उघडं. युनिस ब्रॉडनॅक्स या इमारतीत टोपी आणि हातमोज्यांशिवाय कधी आली नव्हती. लेम्युएलने बहिणीकडे बघितलं आणि तो पुन्हा सहा वर्षांचा झाला.

"ती खोटं बोलतेय, पोरी," युनिस परिचारिकेला म्हणाली. "मी शिकवलंय तिला. दहा लिही. आमच्या घरात कुणी दोन म्हणालं की तू दहा लिहायचं."

"आजी, आकडा काही का असेना," परिचारिका म्हणाली, "औषध सुरू झालंय. तेवढ्यासाठी तर यंत्राला विचारतो आम्ही."

 युनिस खाटेजवळ गेली आणि कॉरीनच्या कानातले डूल एकेक करून काढू लागली. "दुखतंय ना गं?"

"हो," कॉरीन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "खूप दुखतंय आत्या. कालपासून खूप दुखतंय. आणि या औषधाने अंगात भट्टी पेटलीय."

"मग ओरड."

"इथे?"

"इथेच. मी आहे ना."

कॉरीन ओरडली. तिला लाज वाटली, आणि मग बरंच बरं वाटलं.

*

संध्याकाळपर्यंत रक्तदाब खाली आला. डोळ्यांपुढच्या ठिणग्या विझल्या. टव्हॅरिस बाळाला घेऊन आत गेला, आणि छोट्या थेल्माने, कारण बाळाचं नाव थेल्माच ठेवलं होतं, आईचा आवाज ऐकून एवढं भोकाड पसरलं की तिथल्या डॉक्टरने हिची तब्येत उत्तम असल्याचं लांबूनच सांगून टाकलं.

दोघी बहिणी बाहेरच्या बाकावर बसल्या. लेम्युएल कॉफी आणायला गेला होता आणि मुद्दाम येत नव्हता.

"काल तिला तपासलं का नाही, विचारलंस?" युनिस म्हणाली.

"तिनेच सांगितलं. काल दाराजवळच्या टेबलाशी दुसरं कुणीतरी होतं. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कुणाला भेटायला आलात?"

युनिसला आधी कळलंच नाही.

"एवढी नटून गेली होती युनिस, की त्यांना ती आजारी वाटलीच नाही. पाहुणी वाटली. मग ती म्हणाली, थोडं डोकं दुखतंय, दोन. बसा म्हणाले. तिला ओशाळं वाटलं आणि ती उठून घरी आली. आजच्या दिवसासाठी रताळ्याच्या पाई करायच्या होत्या म्हणे."

युनिसने आपल्या सपातांकडे बघितलं. "मारलीच असती मी तिला."

"तू नाही."

"मग कोण? निळा सूट माझा. आकडा माझा."

"विचारायचं काम त्यांचं होतं. नटून आली तरी विचारायचं, चिखलात लोळून आली तरी विचारायचं. उद्या सकाळी मी त्या टेबलाशी खुर्ची टाकून बसणार आहे."

"तू आज सकाळी निवृत्त झालीस ना?"

"तो फलक पितळेचा आहे. घासून परत देईन."

युनिस हसली नाही. "थेल्मा गेली तेव्हा आई काय म्हणाली होती आठवतं? म्हणाली, मी पोरीला पिठाच्या हातांनी नेलं. चांगल्या कपड्यांत नेली असती तर त्यांनी तिला माणूस म्हणून बघितलं असतं."

"थेल्मा कपड्यांमुळे नाही गेली, युनिस."

"मला ठाऊक आहे ते. मला तेव्हाही ठाऊक होतं, मी काय कुकुलं बाळ नव्हते. आईलाही ठाऊक असणार." युनिसने ॲप्रनचं टोक चुरगळलं. "पण कपडे आपल्या हातात होते गं. बाकी काय होतं आपल्या हातात?"

  ऑगस्टाने बहिणीचा पिठाळ हात घेतला आणि स्वतःच्या रेशमी मांडीवर ठेवला. युनिसने डाग पडेल म्हणून तो काढून घ्यायला बघितलं. ऑगस्टाने सोडला नाही. मग त्या दोघी तिथेच, चारचौघांत, मनसोक्त रडल्या.

*

मंगळवारी सकाळी ऑगस्टा घरी जरा आडवी झाली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"गसी," लेम्युएल म्हणाला, आणि थांबला.

 इतकी वर्षं तो असाच थांबायचा. त्या थांबण्यानंतर काय येतं ते तिला पाठ होतं. तिने पलंगाची कड धरली.

"तिला तळलेला कॅटफिश हवाय म्हणते," लेम्युएल म्हणाला. "इथे जेली देतात. मी नेलेला चालेल का, तेवढं विचारायचं होतं."

"लेम्युएल ब्रॉडनॅक्स," ऑगस्टा म्हणाली, जेव्हा तिला बोलता आलं, "पुन्हा मला फोन करून असा थांबलास, तर तुझ्याच गाडीत तुला घालीन."

"म्हणजे चालेल ना?"

"मीठ कमी घाल गाढवा. आणि एक तुकडा मला ठेव."

*

बुधवारी घरी सोडलं. टव्हॅरिसच्या गाडीत बाळाची खुर्ची, फुलं, फुगे आणि चर्चच्या बायकांनी पाठवलेले डबे भरले होते. लेम्युएल एक दफन उरकून परस्पर तिकडे आला, त्याच काळ्या गाडीने. ती त्याने जरा लांब, झाडामागे लावली होती. कॉरीनने खिडकीतून बघितलंच.

"मी डॅडींच्या गाडीने जाणार."

"कॉरीन, वेडेपणा नको," लेम्युएल म्हणाला.

"पुढच्या सीटवर. मागे पुन्हा इतक्यात नाही."

युनिसने तिच्यासाठी इस्त्री केलेला निळा सूट आणला होता, सवय कुठे जाणार. तिने तो पुढे केला. कॉरीनने सूटकडे बघितलं, मग स्वतःच्या चुरगळलेल्या गाऊनकडे, विस्कटलेल्या केसांकडे, इस्पितळाच्या मोज्यांकडे.

"आत्या, मी अशीच जाऊ?"

युनिसच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते फक्त ऑगस्टाला दिसलं. "जा," ती म्हणाली. "ऊन आहे, वारा लागू दे." आणि सूटची नीट घडी घालून तिने तो मागे, पेटीच्या जागेवर ठेवून दिला.

पुढे तिघं दाटीवाटीने बसली: लेम्युएल, मध्ये युनिस, खिडकीशी कॉरीन. ऑगस्टा आली नाही. ती प्रवेशदाराच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसली होती, सोमवारपासून रोज, आणि तिथल्या लोकांना तिची चांगलीच दहशत बसली होती. तिने तिथूनच हात केला.

लेम्युएलने हाताच्या सवयीने दिवे लावले आणि गाडी ठरलेल्या संथ चालीने निघाली. समोरून येणाऱ्या गाड्या बाजूला होऊ लागल्या. पेकानच्या बागेजवळ तोच जुनाट पिकअप आला. तो थांबला. तोच गोरा म्हातारा खाली उतरला, टोपी काढून त्याने छातीशी धरली आणि मान खाली घातली.

कॉरीनने काच खाली केली. केस वाऱ्यावर उडाले. तिने कमरेपर्यंत बाहेर वाकून दोन्ही हात हलवले.

"अहो काका! मी आहे अजून!"

म्हाताऱ्याची टोपी हातातून पडली. मग, मागे आरशात लहान होत जाताना, त्याने ती उचलली आणि डोक्यावरून जोरजोरात हलवली.

मयताच्या गाडीत हसायचं नाही, हा ब्रॉडनॅक्सांचा तीन पिढ्यांचा नियम होता. लेम्युएलने तो पाळायचा खूप प्रयत्न केला. मग युनिसलाच आधी फुटलं, आणि तो डोळे पुसत, हसत, रस्ता दिसेनासा होऊन जवळजवळ खड्ड्यात जात होता.

"दिवे बंद कर," युनिस म्हणाली. "लोकांना कशाला ताटकळत ठेवतोस?"

लेम्युएलने हात पुढे करून दिवे बंद केले. क्षणभराने मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला, जोरात, वैतागून, आणि त्यांना मागे टाकून पुढे निघून गेला.